सही करणाऱ्याची जागा

"सही झाली ना, साहेब? मग हे चढवा," म्हणत रेवतीने पॅराशूट गुर्जरांच्या पुढ्यात ठेवलं.

बाहेर हार घातलेलं विमान उभं होतं. हवाई दलासाठी बनणाऱ्या चाळीस नव्या मालवाहू विमानांपैकी हे पहिलं. समोर मंडपात मंत्री, कॅमेरे, माइक. मुख्य तपासनीस गुर्जरांनी सकाळी खुर्चीतून न उठता, चहा पीत, 'विमान तपासलं' या ओळीखाली सही ठोकली होती.

बारा वर्षांपूर्वी एका जुन्या विमानासाठीही त्यांनी अशीच ठोकली होती. ते कोसळलं. चौकशीत सगळं खापर मेलेल्या वैमानिकाच्या, म्हणजे रेवतीच्या नवऱ्याच्या माथी फुटलं. गुर्जरांना बढती मिळाली.

मग रेवतीने याच कारखान्यात नोकरी धरली आणि वरिष्ठांचं डोकं खाऊन खाऊन एक नियम करून घेतला: तपासणीची सही ज्याची, त्याने पहिल्या उड्डाणात बसायचं. त्या परिपत्रकावरही गुर्जरांनी न वाचताच सही केली होती.

आता तिने ते पुढे धरल्यावर त्यांनी दोनदा वाचलं. कपाळाचा घाम पुसला.

"जरा थांबा हं, बाई. शेपटीकडचे बोल्ट एकदा बघून येतो."

बारा वर्षं ती याच वाक्यासाठी थांबली होती.

"सावकाश बघा, साहेब," ती गोड हसून म्हणाली. "तोवर मी मंत्रीसाहेबांना सांगते, सही सकाळीच झाली, तपासणी आत्ता सुरू होतेय."

आणि ती तडक माइककडे निघाली.