धक्क्यावरची बाबागाडी

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," म्हातारा सिव्हर्ट कॉफी ढवळत म्हणाला, "पण मी बाबागाडीवर हात ठेवला की बंदरातले पक्षीसुद्धा जांभया द्यायचे."

मारगितच्या दुकानात हशा पिकला. खिडकीबाहेर बर्फात तीन बाबागाड्या उभ्या होत्या. बेटावर तान्ही पोरं दुपारची उघड्यावरच झोपतात. घरात झोपवलेलं पोर कोमेजतं म्हणतात.

सिव्हर्टची लेक तुरिद हसली नाही. एका गाडीत तिची पाच महिन्यांची सुन्निवा होती. तुरिद सारखी बाहेर जाऊन तिच्या नाकाशी बोट धरून बघे. दर वेळी पोर दचकून किंचाळे. मग सिव्हर्ट जाऊन गाडी हलवी, आणि ती निजे.

"बायकोला कसं हाकललंस ते सांग की!" एक तरणा मच्छीमार ओरडला.

"आल्फहिल? तिची धास्ती एवढी, की गाडीची चाकं जागच्या जागी थरथरायची. दूध नासायचं. मासे समुद्र सोडून पळायचे! शेवटी म्हटलं, बाई, तू आपली बहिणीकडे जा. नोव्हेंबरच्या बोटीनं गेली, ती वसंतात परत आली. तोवर ही तान्ही तुरिद कशी? हूं नाही की चूं नाही!"

तुरिद उठली. तिनं टेबलाखालून बॅग ओढली.

"म्हणूनच निघालेय, बाबा. दोनच्या बोटीनं. सुन्निवाला तुमच्यापाशी ठेवते."

हशा विरला.

"वेडी आहेस का? कुठे चाललीस?"

"लांब. आईचंच आलंय माझ्यात. मी जवळ गेले की पोर रडते. आई वारली तेव्हा मी चार वर्षांची होते, तिचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. पण हे मात्र लहानपणापासून ऐकतेय."

"अगं, गोष्ट आहे ती. लोकांना हसवायला."

"पक्षी आणि मासे राहू देत. आई गेली आणि मी शांत झाले, एवढं तरी खरं ना?"

सिव्हर्टनं भोवती पाहिलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. धक्क्याला बोट लागत होती.

"खरं," तो म्हणाला.

तुरिदनं बॅग खांद्याला लावली. तेवढ्यात मारगितनं किटली टेबलावर आदळली.

"खोटारड्या! तीस वर्षं ऐकून घेतलं, आज नाही. शेजारी राहत होते मी तुमच्या. आल्फहिल एक दिवससुद्धा बेट सोडून गेली नाही. पोर रडलं की हातपाय गळायचे ते तुझे, आणि त्या बोटीत चढलास तोही तूच. आणि ही शांत झाली नव्हती रे. तू परत येईपर्यंत त्या गाडीत टक्क जागी पडून धक्क्याकडे बघत होती."