तुकडी बदलून मिळण्याबाबत

"वर्षाच्या मध्ये तुकडी बदलता येत नाही," असा शेरा मारून शाळेने यशवंतचा अर्ज दुसऱ्यांदा परत पाठवला.

त्याने तो ओट्यावर ठेवला. सरिताने वाचला आणि पुन्हा पोळी लाटायला घेतली.

"आता तरी सोडा," ती म्हणाली. "आपल्या मैत्रीला काय वाटत असेल?"

"तिला विचारलंय मी."

"बारा वर्षांची पोर. बाबांनी विचारल्यावर ओकेच म्हणणार. तुम्हाला गावच्या शाळेत चपलांपाशी बसवलं, त्याचा राग तिच्या दप्तरात कशाला?"

यशवंतने अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला.

मस्कतच्या अल हैल भागातल्या त्या भारतीय शाळेत सातवीच्या चार तुकड्या होत्या. डी तुकडीला एप्रिलपासून विज्ञानाला शिक्षक नव्हता. ऑक्टोबर आला तरी नव्हता. त्या तासाला मुलांना लायब्ररीत गप्प बसवत. त्या वर्गातली विज्ञानाची एक वही यशवंतने चाळली होती. सात महिन्यांत अकरा पानं. त्याने पत्रं लिहिली, पालकसभेत उभा राहून बोलला. उत्तर ठरलेलं होतं. पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने हे सगळं महमूदला सांगितलं. महमूद त्याच्याच कन्सल्टन्सीत होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा काळा माणूस, साठीला टेकलेला.

"आमची शाळा फक्त काळ्यांची होती," महमूद म्हणाला. "गोऱ्यांच्या शाळेतून टाकून दिलेली पुस्तकं आम्हाला मिळायची. आत त्यांच्या मुलांची नावं. छप्पर मी पहिलीपासून गळताना पाहत होतो. आई दरवर्षी अर्ज करायची."

"मग?"

"मग कोर्टाचा हुकूम आला. बसमधून चाळीस गोरी मुलं आमच्या शाळेत येणार असं ठरलं. त्याच उन्हाळ्यात छप्पर दुरुस्त झालं."

"म्हणजे सुटलात."

"कसले सुटलो? ती कुटुंबं हळूहळू शहराबाहेर राहायला गेली. माझी धाकटी बहीण त्या शाळेत गेली, तेव्हा वर्गात पुन्हा सगळे काळेच. कायदा होता तसाच राहिला. लोकांनी फक्त पत्ते बदलले."

यशवंतने डबा अर्धाच खाल्ला.

सोमवारी सकाळी तो उपमुख्याध्यापिकांसमोर बसला होता. सुचित्रा मॅडम मूळच्या नागपूरच्या, त्यामुळे बोलणं मराठीतच.

"तिसऱ्यांदा आलात," मॅडम म्हणाल्या. "तुकड्या आम्ही चाचणीच्या मार्कांवर पाडतो. त्यात कुणाचा दुजाभाव नाही."

"डीमध्ये मेकॅनिकची, ड्रायव्हरची, आचाऱ्यांची मुलं आहेत. चाचणीला बापाच्या व्हिसावरचं काम कळतं का, मॅडम?"

"शिकवणी लावणं ज्यांना जमतं, त्यांची मुलं पुढे जातात. त्याला शाळा काय करणार?"

"शिक्षक देऊ शकते."

"जाहिरात दिली आहे."

"सात महिने देताय."

मॅडमनी चष्मा काढला. "एका मुलीची तुकडी बदलून काय होणार आहे?"

"ते बघू."

"नव्या वर्गात तिची ओढाताण होईल. मैत्रिणी सुटतील. मुलं बोलतात एकमेकांना. याचा विचार केलात?"

"रोज करतो," यशवंत म्हणाला. "तिच्या आईने चार दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलंय. पण मी नियम वाचलाय. पालकाने लेखी मागितलं आणि वर्गात जागा असली तर वर्षाच्या मध्येही तुकडी बदलता येते. जागा आहे."

मॅडमनी पटावरची संख्या तपासली. जागा होती.

"मग लिहून द्या, की नंतर तक्रार करणार नाही."

"ते देणार नाही. तक्रार तर मी रोज करणार आहे."

मॅडमनी अर्ज ओढून सही केली आणि दारातल्या शिपायाला हाक मारली.

"हुसैनमियाँ, सातवी ए मधून मैत्रीला दप्तरासकट घेऊन या. आजपासून ती डीमध्ये बसणार आहे."