पाचवी कॅन

भिवाजीने जन्मभर दुसऱ्याची बैलगाडी हाकली. त्याचा मुलगा लिंबाजी सायकलवर थकला. लिंबाजीचा मुलगा कुलदीप शाळामास्तर झाला आणि बसची वाट पाहता पाहता निवृत्त झाला. कुलदीपचा मुलगा हर्षदीप याने मात्र चार महिन्यांपूर्वी मोटार घेतली. दुसऱ्याने अकरा वर्षे वापरलेली. मे महिन्याच्या भर दुपारी ती गावातल्याच म्हाताऱ्या देवकाबाईच्या दारात उभी होती, आणि ही आदिलाबादच्या दवाखान्यापर्यंत पोहोचणार नाही, असे हर्षदीप सांगत होता.

त्याचे खोटे नव्हते. पहिल्या महिन्यात बॅटरी बदलावी लागली, दुसऱ्यात क्लच, तिसऱ्यात दोन टायर. त्याचे सगळे रविवार इचोड्याच्या मेकॅनिकच्या बाकड्यावर गेले. आता रेडिएटर गळत होता. डागडुजी टिकणार नाही, नवाच बसवा, असे मेकॅनिकने बजावले होते. हर्षदीप थकला होता. गाडी पाहायला गुरुवारी गिऱ्हाईक येणार होते.

या चार महिन्यांत त्याच्या आजीने, द्वारकाबाईने, गाडीत पाऊल ठेवले नव्हते. पण रोज पहाटे अंगणातून तिचा आवाज येई, "हर्षा, पानी पाजलं का?" ही मोटार आहे, बैल नव्हे, असे तो सांगे. तो बॉनेट उघडून पाणी ओतेपर्यंत ती जागची हलत नसे.

देवकाबाईला सकाळपासून श्वास पुरत नव्हता. तिचा मुलगा पंकज हैदराबादला नोकरीला. दवाखान्याच्या गाडीला यायला दोन तास लागणार होते. सून रूपाली हर्षदीपपुढे हात जोडून उभी राहिली. तो काही बोलण्याआधीच द्वारकाबाईने घरच्या विहिरीच्या पाण्याने पाच कॅन भरल्या, गाडीत ठेववल्या आणि ती पुढच्या आसनावर जाऊन बसली. मग वाद उरला नाही.

वाद घालता येण्यासारखा नव्हताच. साठ वर्षांपूर्वी तीन वर्षांचा कुलदीप तापाने फणफणला होता. भिवाजी तेव्हा देवकाबाईच्या नवऱ्याकडे, महिपतकडे, सालदार होता. महिपतने आपली बैलजोडी दिली. अशाच उन्हात भिवाजीने गाडी जुंपली. सून द्वारकाबाई लेकराला मांडीवर घेऊन मागे बसली. वाटेतल्या कोरड्या नाल्यात एक बैल पडला, तो उठला नाही. भिवाजीने स्वतःचा खांदा जुवाखाली घातला आणि नागपूरच्या सडकेपर्यंत गाडी ओढली. तिथून ट्रकने नेले. कुलदीप वाचला. लिंबाजी बैलाची किंमत द्यायला गेला, तेव्हा महिपतने ती घेतली नाही. लेकरू जगलं ना, एवढेच तो म्हणाला.

गाडी निघाली. मागे देवकाबाईचे डोके रूपालीच्या खांद्यावर होते. पंधराव्या किलोमीटरला इंजिनच्या उष्णतेचा काटा चढला. असेच पुढे रेटावे, असे हर्षदीपला वाटले. मागचा श्वास त्याला ऐकवत नव्हता. द्वारकाबाईने मागे वळून पाहिले नाही.

"थांबव," ती म्हणाली. "तहानेलं पुढं नेऊ नाही."

ते थांबले. वाफ ओसरू दिली, झाकण फडक्याने धरून उघडले, पाणी ओतले. असे चार वेळा. प्रत्येक थांब्याला रूपाली रडत होती. चौथी कॅन शहराच्या वेशीवर संपली. पाचवीवर द्वारकाबाईने पाय ठेवले होते.

दवाखान्यात देवकाबाईला ऑक्सिजन लावला. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते, म्हणाले. हर्षदीप पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मग रिकाम्या चार कॅन त्याने दवाखान्याच्या नळावर भरून घेतल्या. पाचवीला द्वारकाबाईने हात लावू दिला नाही.

रूपाली दवाखान्यातच राहिली. परतताना इचोड्याच्या आतल्या रस्त्यावरील खड्ड्यांनी गळती वाढवली. बैल पडला होता त्याच नाल्याशी येईपर्यंत चारही कॅन संपल्या आणि काटा पुन्हा लाल झाला. ऊन उतरले होते. नाला कोरडाच होता. हर्षदीपने गाडी बंद केली.

"आजी, आता तरी फिटलं न?" तो म्हणाला. "देवकाआजीले येळेवर पोचवलं."

"ते महिपतचं फिटलं," द्वारकाबाई म्हणाली. "बैलाचं राह्यलं."

तिने कॅन उचलली. तो मदतीला धावला, तर तिने त्याला हातानेच दूर केले. काठावरच्या मोहाच्या झाडाखाली ती गेली, वाकली, आणि पाणी जमिनीवर ओतू लागली. सावकाश, न थांबता, कॅन हलकी होईपर्यंत. हे शेवटचे पाणी आहे, घर अजून सात किलोमीटर आहे, असे हर्षदीप सांगत राहिला. तिने ऐकले, पण हात आवरला नाही.

"बैल उन्हानं मेला नाही," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिने कुणालाच, लिंबाजीलासुद्धा, सांगितले नव्हते. "गाडीत एक घागर होती. तुह्या बापाच्या कपाळावरच्या पट्ट्या भिजवाले. बैल इथं थांबला, मान वळवली, घागरीकडं तोंड केलं. मी घागरीच्या तोंडावर हात ठेवला."

जमीन पाणी पीत होती. शेवटचा ओला डाग जिरेपर्यंत द्वारकाबाई उभी राहिली. मग तिने रिकामी कॅन त्याच्या हातात दिली.

"तो हात आज काढला."