फळ्यावरचं वजन

"आठ किलो शंभर!" अंगणवाडीच्या सरिताबाईंनी फळ्यावर लिहायला खडू उचलला, तशी बायनाबाई कळवळली. "बाई, अर्धा किलो कमी लिवा. नातवाले गावाची नजर लागन."

"लिहिल्यानं नजर लागत नसते, मावशी! दर महिन्याले हेच सांगून राह्यली मी."

बायनाबाईनं खजील होऊन नातवाला वजनकाट्यावरून उचललं. तेवढ्यात तपासणीला आलेल्या मॅडमनी फळ्यावर बोट ठेवलं. "एवढ्या मुलांत ही एकटी स्वराच कमी वजनाची दिसते. कोणाची आहे?"

सरिताबाई घाईघाईनं डस्टर शोधू लागल्या. सतरंजीवर त्यांची नात स्वरा खुळखुळा चघळत बसली होती, गुबगुबीत, मनगटांना वळ्या पडलेली.

बायनाबाईनं हसू पदरात दाबलं आणि हळूच म्हणाली, "मंग बाई, माह्या नातवाचंबी तेवढंच कमी लिवा."