तिसरा दिवा

"उतर खाली आधी!" अमीन आप्पारावांनी मोटारीच्या दारावर काठी आपटली. "दिवे किती लावलास रे पुढं?"

"तीन, साहेब," मोटार हाकणारा रेवणप्पा जागेवरूनच म्हणाला.

"आन् कायदा किती सांगतो?"

"दोन."

"म्हंजे ठाऊक हाय! ठाऊक असून करायलास!"

आप्पाराव औरादच्या ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार. त्या ठाण्यासमोर बिदरला जाणारी मोटार उभी होती. आत माणसं कोंबलेली, टपावर बोचकी आणि कोंबड्यांची पाटी. पुढच्या दोन दिव्यांच्या मधोमध, वरच्या अंगाला, रेवणप्पानं परातीएवढा तिसरा दिवा ठोकला होता. सांजेला तो पेटला की समोरून येणाऱ्या गाडीचे बैल बुजून शेतात शिरायचे. तक्रारी आल्या होत्याच. पण खरं सांगायचं तर आप्पारावांचं दुखणं वेगळं होतं.

हा रेवणप्पा त्यांना मोजत नव्हता.

ठाण्यापुढनं जाताना सलाम करायचा, मान लववून करायचा, नाही असं नाही. पण परवा आप्पाराव साध्या धोतर-सदऱ्यात बाजारात गूळ घ्यायला उभे होते, तर हा पठ्ठ्या हातभर अंतरावरनं गेला. सरळ तोंडाकडं बघून गेला, आणि हूं नाही की चूं नाही! गूळवाला हसला, पानवाला हसला. कालपर्यंत निर्ण्याच्या माळावर मेंढरं राखणारा माणूस, बुडाखाली चार चाकं काय आली, अमीन दिसेनासा झाला! आप्पारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून खाली उतरली नव्हती.

"परवाना काढला तर तिसऱ्या दिव्याला सरकारची ना न्हाई," ते म्हणाले. "पर त्यो ह्या दोन्हीच्या खाली पाह्यजे. तोंड रस्त्याकडं वाकलेलं पाह्यजे. समोरनं कुणी आलं की इझवता आला पाह्यजे. आन् बिदरला तपासणी पाह्यजे, गाडीची आन् हाकणाऱ्याची. मागंच सांगितलं हुतं तुला. कामून गेला न्हाईस?"

"खाली घेतो, साहेब. वाकवतो. तपासणीला मातर न्हाई जायचा."

"कामून?"

रेवणप्पानं बायकोकडं मान वळवली. शेजारी बसलेली त्याची बायको बाणूबाई पदर सावरत म्हणाली, "धंद्याचा खाडा हुतो, साहेब."

"तुला कुणी इचारलं?"

ही बाणूबाई म्हणजे आणखी एक तमाशा. रोज नवऱ्याला चिकटून बसायची आणि औराद ते बिदर तोंडाचा पट्टा चालू. 'अवं, म्हसरं आली, डावं घ्या. पुढं खड्डा हाय, हळू जरा.' उतारू पोट धरून हसत. रेवणप्पाची मोटार पेट्रोलवर न्हाई, बायकोच्या तोंडावर पळती, म्हणत.

आणि आज नेमकी तीच जागा आप्पारावांना हवी होती. त्यांची लेक गीताबाई बाळंतपण उरकून बिदरला सासरी निघाली होती. उद्या सकाळी तिकडं लेकराला घरात घ्यायचा मुहूर्त होता, आणि औरादला दुसरी मोटार नव्हती. ओल्या बाळंतिणीला मागच्या फळीवर आदळत न्यायचं? अमिनाच्या लेकीला?

"ए बाई, मागं जाऊन बस. माझी लेक बसंल पुढं."

"पाया पडते, साहेब. ताईंना माझ्याजवळ बसवते, लेकरू मी धरते. पर मला हितनं उठवू नगा."

"हाकणाऱ्याशेजारी एकच माणूस! त्याचाबी कायदा हाय!"

"जाऊ द्या, अप्पा," गीताबाई म्हणाली. "मी बसते मागं."

"तू मधी बोलू नगंस!"

आता मात्र हद्द झाली. नवरा तपासणीला जात नाही, बायको जागा सोडत नाही. राज्य निजामसरकारचं का ह्या नवरा-बायकोचं? आप्पारावांनी अंगातला कोट काढला, ठाण्याच्या ओसरीच्या खांबावरच्या खुंटीला अडकवला, वर लाल रुमी टोपी ठेवली. बाह्या सारल्या, पाना घेतला आणि स्वतःच्या हातानं दिव्याचे नट पिळायला लागले.

"साहेब, त्यो काढू नगा!" रेवणप्पाचा आवाज चिरकला. "दिस बुडायला आलाय. मांजरा नदीचा उतार अंधारात लागंल."

"सगळ्या मुलखातल्या मोटारी दोन दिव्यांवर चालतेत. तुझेच डोळे काय जगावेगळे हायेत?"

दिवा निघाला. आप्पारावांनी तो दोन्ही हातांनी उचलून दगडावर आपटला. काचेचा चुरा झाला. टपावरच्या कोंबड्या कलकलल्या.

शिपायानं बाणूबाईला दंडाला धरून मागं नेऊन बसवलं. ती तिथनं रडून ओरडायला लागली, "अवं, आज जाऊ नगा! पाया पडते, आज नगा!"

"गप ए!" रेवणप्पाही आता पेटला होता. त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. "त्येंनी मोडला न्हवं दिवा? मोडू दे! रोजचा रस्ता हाय माझा. तोंडपाठ हाय."

गीताबाई लेकराला पदराखाली घेऊन पुढं बसली. शिपायानं हँडल मारलं, इंजिन धडधडायला लागलं, आणि बाणूबाईचं रडणं त्यात बुडून गेलं.

आप्पारावांनी हाताचं वंगण पुसलं. कायद्याचं कायद्यापाशी झालं, लेकीला जागा मिळाली. आता तेवढा सलाम राहिला होता. तो मागून घ्यायचा नव्हता, त्यानं आपणहून करायला हवा होता. ते गुमान रेवणप्पाच्या दाराशी जाऊन उभे राहिले, सदऱ्यावरच, बोडक्या डोक्यानं, छाती पुढं काढून.

रेवणप्पानं मान वळवली, डोळे बारीक करून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या आप्पारावांच्या अंगावरून नजर पलीकडं नेली, आणि ओसरीतल्या खुंटीवरच्या कोटाला लवून सलाम करत म्हणाला, "येतो, साहेब. ताईसाहेबांची काळजी करू नगा."