पूर्वेची खोली

कुमुदताईंनी लग्नानंतर बी लावून वाढवलेलं घर विकायला काढलं, तेव्हा नगरपालिकेच्या मुजावरबाईंनी व्यवहार अडवला. मंजूर नकाशात खोल्या दोनच होत्या आणि घराला तीन.

"पूर्वेची खोली विनापरवाना आहे. ती छाटावी लागेल," त्या म्हणाल्या.

"आमचे हे आजारी पडले, तेव्हा घरानंच ती उन्हाकडे काढली," कुमुदताई म्हणाल्या. "विक्री मोडली तरी चालेल, मी छाटणार नाही."

घर घेणारी नूतन गरोदर होती. "आम्ही परवानगीसाठी थांबू," ती म्हणाली आणि रोज येऊन कुमुदताईंसोबत ओसरीवर बसू लागली.

पुढे मुजावरबाई खोली मोजायला आल्या, तर पश्चिमेच्या भिंतीलाही फुगवटा धरला होता. त्यांनी नूतनकडे पाहिलं आणि हसून नव्या नकाशात चार खोल्या काढल्या.