बाळंतिणीला एकटं सोडावं

“आई कसली, कैदाशीण आहे मेली! पोटची पिल्लं खाल्ली!”

सासूबाई पुटपुटल्या त्या पिंजऱ्याकडे बघून, पण आवाज काही त्यांच्या ताब्यात राहिला नाही. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या सुनेने मान वर केली. तिची मांडी रिकामी होती. तीन आठवड्यांचं बाळ आतल्या खोलीत पाळण्यात होतं. हल्ली ते बहुतेक वेळ तिथेच असायचं.

पिंजरा सासूबाईंच्या लेकीचा. गालांत दाणे साठवणारा तो उंदराएवढा हॅमस्टर हवा म्हणून हटून बसली आणि एकदाची घेऊन आली. नाव ठेवलं गोटी. ही गोटी दुकानातूनच पोटुशी आली होती, हे कळलं तेव्हा भुशात शेंगदाण्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत होती. दुकानदाराने फोनवर बजावलं होतं, दोन आठवडे पिंजऱ्याला हात लावायचा नाही. साफसफाईलासुद्धा नाही.

आता, सासूबाईंची सारी हयात इस्पितळाच्या लाँड्रीत गेलेली. चादरीवरचा डाग त्यांना खोलीच्या पलीकडून दिसायचा. घाणीत बाळंतपण, आणि तेही त्यांच्या घरात? काल दुपारी त्यांनी पिल्लं वाटीत काढली, भुसा आणि कापसाचं घरटं कचऱ्यात टाकलं, पिंजरा फिनेलने लख्ख पुसला, नवा भुसा पसरून पिल्लं परत ठेवली. गोटीने ती एकेक करून गालांत कोंबली आणि पिंजराभर धावत सुटली. लपवायला जागा सापडेना. एका कोपऱ्यात काढायची, पुन्हा कोंबायची, दुसऱ्या कोपऱ्यात पळायची. “अगंबाई, बिऱ्हाड हलवतेय!” म्हणून सासूबाई हसल्यासुद्धा. सून मात्र पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही.

आज सकाळी पिल्लं नव्हती.

“यात लिहिलंय बघ,” फोनमध्ये डोकं घालून बसलेली लेक नाक ओढत म्हणाली. “घाबरली की करतात असं. पिल्लं झाली की आईला एकटं सोडायचं असतं. डोकवायचं नाही, हात लावायचा नाही. आणि तू फिनेल घेऊन गेलीस!”

“मला काय स्वप्न पडलं होतं?”

“तेच मी कधीचा सांगतोय,” मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. “हिलाही जरा एकटं सोडा. दिवसभर सगळे डोक्यावर बसता. मग ती झोपणार कधी आणि सुधारणार कधी?”

सासूबाईंना हे पटलं. इतकं झटकन पटलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बाळ रडायला लागलं की सून जिन्यात जाऊन उभी राहायची. आंघोळ घाल म्हटलं की “तुम्हीच घाला” म्हणायची आणि हात पाठीमागे धरायची. सुऱ्या आणि कात्री तिने वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे सारून ठेवल्या होत्या. का, म्हणून विचारलं तर “असंच” म्हणाली होती. हे सगळं सासूबाईंनी बघितलं होतं, आणि बघितलं नाही असंही केलं होतं. मुलगा म्हणायचा, झोप झाली की होईल ठीक. लेक म्हणायची, वहिनीचा मूड गेलाय. सासूबाई म्हणायच्या, पहिलटकरणीचं होतं असं. तिघांनी मिळून पातेल्यावर झाकण ठेवलं होतं, आणि आत काय शिजतंय ते उघडून बघायला कुणी तयार नव्हतं. आता बरं कारण सापडलं. माणसांची कटकट! आणि नेमकी आजच सासूबाईंची लाँड्रीतली रजाही संपली होती.

“आम्ही निघालो ना, की घर कसं शांत होईल बघ,” त्या सुनेला म्हणाल्या. “बाळाला पाजायचं आणि शेजारी पडायचं. संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही.”

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही. शेजारणीलाही सांगून ठेवलंय. बेलसुद्धा वाजायची नाही.”

सून टेबलावरून पुढे झुकली. “आई, आजचा दिवस थांबता?”

“अगं, रजा कुठली वाढवून मिळतेय? आणि घाबरायचं काय त्यात? मी या दोघांना एकटीनेच वाढवलं ना?”

“एका बाळंतिणीला छळलं तेवढं पुरे झालं, आई. चल आता,” मुलगा म्हणाला, आणि रडवेली लेकही फिसकन हसली.

पिंजऱ्यात गोटी मागच्या पायांवर बसून तोंड धूत होती. पुढचे दोन्ही पंजे गालांवरून फिरवत, अगदी निगुतीने. सून तिच्याकडे बघत होती.

आतून बाळाची कुरकुर ऐकू आली. मग रडणं. कुणी हललं नाही. आई आहे, ती उठेल, म्हणून सगळे थांबले. सून उठली, पण आत गेली नाही. ती बाहेरच्या दारापाशी गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. सासूबाईंची पिशवी खांद्याला, एक पाय चपलेत.

“हे गं काय? बाळ रडतंय.”

“ऐकू येतंय मला.”

“मग जा की. घे त्याला.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं नाही, नणंदेकडेही नाही. फक्त सासूबाईंकडे पाहिलं.

“मला त्याच्यापाशी एकटीला सोडू नका,” ती म्हणाली. “त्याला काही होईल याची भीती नाही, आई. मी त्याला काही करीन, याची आहे.”